शंभराला सत्तर : आठव्या वेतन आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांस,


आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या अध्यक्ष म्हणून आपल्यापुढे निवेदनांचे गठ्ठे येत असतील. रेल्वे, पोस्ट, आयकर, संरक्षण खात्याचे कारखाने अशा प्रत्येक ठिकाणच्या कर्मचाऱ्यांची संघटना आहे, तिचे पदाधिकारी आहेत, बाजू मांडणारे वकील आहेत. मी परळच्या महापालिका रुग्णालयातून निवृत्त झालेली सिस्टर. आमचीही संघटना होती. भत्त्यांसाठी, रिकाम्या जागांसाठी आम्ही आझाद मैदानात बसलो आहोत, घोषणा दिल्या आहेत आणि संध्याकाळी परत येऊन नाइट केली आहे. माझी पेन्शन महापालिकेची आहे. आपल्या आयोगाच्या अहवालाने ती थेट वाढणार नाही. तरीही लिहिते आहे, कारण ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना आझाद मैदान नाही. लष्करी शिस्तीत संघटना नाही, मोर्चा नाही आणि नोकरीत असताना वर्तमानपत्रात पत्र लिहिण्याचीही सोय नाही.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसबद्दल बोलते आहे. कायमस्वरूपी सेवा म्हणून तिची स्थापना १ ऑक्टोबर १९२६ ची. म्हणजे २०२६ मध्ये तिची शंभर वर्षं. आमच्या परळचं केईएमही १९२६ चंच. केईएमच्या शंभरीबद्दल मुंबईत बोललं गेलं, लिहिलं गेलं. कुलाब्याला, आर. सी. चर्चच्या पुढे, नौदलाच्या आयएनएचएस अश्विनीत वॉर्ड सांभाळणाऱ्या बायकांच्या सेवेची शंभरी मात्र लालबाग-गिरगावातल्या कुणाच्या गावीही नाही. वास्तविक आमच्या चाळींमधून मुलगे गिरणीत गेले तसे फौजेतही गेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची घरं ही. एक भाऊ गिरणीच्या खात्यात, दुसरा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, असं कितीतरी घरांत होतं. त्या दुसऱ्या भावाच्या म्हातारपणीच्या दुखण्याला शेवटी लष्करी रुग्णालयच असतं.

आता मुद्द्याचे आकडे. सहाव्या वेतन आयोगाने सैन्यदलांसाठी ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ नावाची नवी रक्कम आणली. सैनिकी आयुष्यातल्या, पैशात मोजता न येणाऱ्या खडतरपणाबद्दल दिलेली ही रक्कम. अधिकाऱ्यांना महिना ६,००० रुपये आणि मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना ४,२०० रुपये. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातले. पुढे सातव्या आयोगाने, न्यायमूर्ती अशोक कुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखाली, या रकमा वाढवल्या. १ जानेवारी २०१६ पासून अधिकाऱ्यांना १५,५०० आणि नर्सिंग अधिकाऱ्यांना १०,८००. भागाकार करून पाहिला तर दोन्ही वेळा उत्तर जवळजवळ एकच येतं : शंभराला सत्तर. दहा वर्षांत किमती बदलल्या, पगार बदलले, युद्धाची साधनंही बदलली. हे सत्तर तेवढे हलले नाहीत.

दरमहा फरक ४,७०० रुपयांचा. पण ही रक्कम मूळ वेतनाला जोडून तिच्यावर महागाई भत्ता मिळतो आणि पेन्शन ठरवतानाही ती धरली जाते. म्हणजे नोकरीतला फरक अर्धा होऊन पेन्शनमध्ये उतरतो, त्यावर महागाई सवलतीतला फरक चढतो आणि ती बाई जिवंत असेपर्यंत चालू राहतो.

अधिकारी म्हणजे कोण, तेही पाहावं. त्याच रुग्णालयातला आर्मी मेडिकल कोअरचा डॉक्टर पूर्ण १५,५०० घेतो, आणि ते योग्यच आहे. दंतवैद्य घेतो. सैन्यातल्या घोड्या-खेचरांना आणि कुत्र्यांना पाहणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचा अधिकारीही पूर्ण रक्कम घेतो, आणि त्यानेही ती घ्यावीच, कारण तोही डोंगरात, बर्फात राहतो. फक्त जखमी सैनिकाजवळ रात्रभर उभी राहणारी अधिकारी सत्तर टक्के खडतर आयुष्य जगते, असं सरकारी कागद म्हणतो.

आपण मुंबईच्या. एल्फिन्स्टन कॉलेजात आणि गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकलात, पुढे उच्च न्यायालयात बसलात. मेट्रन म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असेलच. पण लष्करी रुग्णालयातली प्रिन्सिपल मेट्रन बाहेरच्या फार थोड्या लोकांनी जवळून पाहिलेली असते, म्हणून थोडं सांगते. ती सहसा कर्नल किंवा ब्रिगेडियर हुद्द्याची असते. नौदलाच्या रुग्णालयातही तिचा हुद्दा लष्कराचाच असतो, कारण तिन्ही दलांना मिळून ही एकच सेवा आहे. कुठल्या वॉर्डात रात्री किती जणी, आयसीयूत कुणाला ठेवायचं, नवखी लेफ्टनंट कुणाच्या हाताखाली द्यायची, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, ऑपरेशन थिएटरच्या ऑटोक्लेव्हची तपासणी झाली का, जंतुसंसर्ग कुठून शिरला, हे सगळं शेवटी तिच्या टेबलावर येतं. लष्करी रुग्णालयात गंभीर पेशंटच्या दोन याद्या असतात, एसआय लिस्ट आणि डीआय लिस्ट. डीआय लिस्टवर नाव चढलं की जवानाच्या घरी कळवलं जातं. नाव चढवतो डॉक्टर. पण पहाटे तीन वाजता पेशंटचा श्वास बदलला आहे हे त्याच्या आधी नर्सला दिसतं, आणि तिला ते दिसेल असं तिला घडवण्याचं काम मेट्रनचं.

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. अर्धांगाने ते लष्करी रुग्णालयात होते आणि मी खुर्चीवर त्यांच्या शेजारी होते. रात्री उशिरा मेट्रन मॅडम राउंडला आल्या. बरोबर एक तरुण लेफ्टनंट आणि नर्सिंग असिस्टंट. लष्करी वॉर्डात अधिकारी आला की खाटेवरचा जवान पडल्या पडल्या सावधान होतो. बाबांची एकच बाजू चालत होती. तेवढी त्यांनी ताठ केली. मॅडमनी त्यांना नावाने हाक मारली, रेजिमेंट विचारली आणि मग चादर पायाकडून वर केली. बहुतेक जण राउंडला कपाळाला हात लावतात, ड्रिप बघतात. या बाईंनी टाचेखाली हात घातला. डाव्या टाचेवर तांबडा डाग होता. त्यावर अंगठा दाबून त्यांनी सोडला. दाबल्यावर डाग पांढरा पडला तर अजून वेळ हातात असतो, तांबडाच राहिला तर आत इजा सुरू झालेली असते. डाग पांढरा पडला. लेफ्टनंट चार्ट पुढे करू लागली तशी त्यांनी हाताने थांबवलं आणि हिंदीत एवढंच म्हणाल्या की आधी टाच बघायची, चार्ट नंतर. मग स्वतः वाकून असिस्टंटच्या मदतीने बाबांना कुशीवर वळवलं, पोटऱ्यांखाली उशी सरकवली आणि टाचा गादीपासून अधांतरी ठेवल्या. पुढे त्या टाचेला काही झालं नाही. मी आयुष्यभर हेच काम केलेली बाई आहे, आणि मला सांगावंसं वाटतं की अशी मेट्रन घडायला पंचवीस-तीस वर्षं लागतात.

या सेवेची सुरुवात मुंबई बंदरातच झाली, हे मुंबईकर म्हणून आपल्याला आवडेल. २८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्स इथे उतरल्या. लष्करी रुग्णालयांतली शुश्रूषा मार्गी लावायची म्हणून त्यांना बोलावलं होतं. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पत्नीने त्यासाठी खूप खटपट केली होती. त्यांच्यातल्या कॅथरिन ग्रेस लॉक रावळपिंडीला गेल्या आणि पुढे वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमेतल्या जखमींपर्यंत पोचल्या. पुढे १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, गव्हर्नर-जनरलने वटहुकूम काढला आणि या नर्सेस कमिशन मिळालेल्या अधिकारी झाल्या.

या १९४३ कडे मी आपलं खास लक्ष वेधते. ‘सैन्यात स्त्री अधिकारी १९९२ पासून’ असं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, शाळेच्या भाषणांतसुद्धा. ते वैद्यकीय शाखा वगळता इतर शाखांपुरतं खरं आहे. नर्सिंगच्या स्त्रिया त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी खांद्यावर हुद्दा लावून उभ्या होत्या. १९७६ मध्ये गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्या नर्स होत्या. वाट यांनी पाडली, आणि गणतीत त्याच सुटतात. आणि तो १९४३ चा वटहुकूम? तो अजून चालू आहे. युद्धकाळातल्या वटहुकमांना सहा महिन्यांची मुदत नव्हती, म्हणून टिकला. आजही आपल्या सैन्यातली नर्स ब्रिगेडियर झाली तरी तिच्या सेवेच्या मुळाशी परक्या सरकारचा युद्धकाळातला वटहुकूम आहे, संसदेचा कायदा नाही. तो बदलणं आपल्या आयोगाच्या हातात नाही, हे मी जाणते. पण वेगळी सेवा, म्हणून वेगळं वेतन, म्हणून सत्तर टक्के, या साखळीची पहिली कडी तीच आहे.

याला मिळणारं उत्तर मला माहीत आहे. ही सेवा सैन्याचाच भाग आहे, पण वेगळा वर्ग आहे, आणि वेगळ्या वर्गाला वेगळे नियम लावले तर तो भेदभाव ठरत नाही. न्यायालयांनीही ही भूमिका घेतलेली आहे. आपल्याला कायदा शिकवण्याचं धाडस मी करणार नाही. एवढंच म्हणेन की न्यायालयापुढे प्रश्न ‘हे चालेल का’ असा असतो. आयोगापुढे ‘किती देणं योग्य’ असा असतो. वेगळा वर्ग आहे हे मान्य करूनही, त्या वर्गाचं आयुष्य कुठे तीस टक्क्यांनी सोपं आहे हे कुणीतरी दाखवायला हवं.

दुसरं उत्तर असं, की नर्स आघाडीवर नसते. श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात काश्मीरमधले जखमी येतात, लेहच्या १५३ जनरल हॉस्पिटलात उंचीवरच्या थंडीने बोटं काळी पडलेले जवान येतात. तिथे याच बायका असतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंधुरत्न पाणबुडीत धूर भरला, दोन अधिकारी गेले आणि गुदमरलेल्या सात नौसैनिकांना हेलिकॉप्टरने अश्विनीत आणलं. एप्रिल २०२० मध्ये आपली सगळी मुंबई दारं लावून बसली होती, तेव्हा आयएनएस आंग्रेवरचे करोना झालेले नौसैनिक अश्विनीतच होते. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी उत्तर टिकत नाही. मिलिटरी सर्व्हिस पे हा आघाडीचा भत्ता नाहीच. सियाचेनसारख्या जागांचे भत्ते वेगळे मिळतात. दिल्लीत टेबलावर बसून काम करणारा कर्नलही पूर्ण १५,५०० घेतो, पुण्याच्या छावणीतला डॉक्टरही घेतो. ही रक्कम बदलीच्या हुकमाची आहे, घरापासून तुटण्याची आहे, सैनिकी शिस्तीखाली जगण्याची आहे. आणि ती शिस्त या स्त्रियांना इतरांहून कमी लागू झाली नाही. काही बाबतींत तर जास्तच झाली.

लेफ्टनंट सेलिना जॉन यांचं प्रकरण आपल्याला माहीत असेल. त्या लष्करी नर्स होत्या. १९८८ मध्ये त्यांना सेवेतून काढून टाकलं. कारणांत लग्न केल्याचं कारण होतं. १९७७ च्या लष्करी आदेशात तशी तरतूद होती, आणि ती फक्त या स्त्रियांसाठी होती. १९९५ मध्ये ती मागे घेतली गेली. १४ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानी ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्यांचं लग्न आणि तो निकाल यांच्यामध्ये छत्तीस वर्षं गेली. ज्या सेवेत लग्न केलं म्हणून नोकरी जात होती, त्या सेवेतल्या बायकांना सैनिकी आयुष्याचा जाच कमी होता असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

नर्सच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न परळमधून एकदा देशापुढे आला होता. केईएममध्ये नर्स असलेल्या आणि हल्ल्यानंतर तिथेच अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या डीन आणि कर्मचाऱ्यांकडे दिला, कारण वर्षानुवर्षं रात्रंदिवस त्यांना सांभाळलं होतं ते याच लोकांनी. इतक्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही, ही गोष्ट न्यायालयापुढे आली होती. नोव्हेंबर १९७३ ते मे २०१५, नर्सच्या पिढ्या बदलल्या, नव्या मुलींनी जुन्यांकडून हँडओव्हर घेतला. मी परळची आहे, त्यामुळे हे मला नुसतं वाचून माहीत नाही. शुश्रूषा म्हणजे दया, सेवाभाव, मेणबत्तीची शपथ असं बोलायला सगळ्यांना आवडतं. तो निकाल त्याच्या पुढे गेला. शुश्रूषा करणारीला अधिकार असतो, असं त्याने मानलं.

अमेरिकेत हा अधिकार आणखी वर गेला. तिथल्या लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुखपदी, सर्जन जनरल म्हणून, २०११ मध्ये पॅट्रिशिया होरोहो आल्या. त्या पेशाने नर्स. सगळे लष्करी डॉक्टर त्यांच्या हाताखाली होते. पुरुषांना तिथल्या आर्मी नर्स कोअरमध्ये १९५५ पासून प्रवेश आहे. आपल्याकडे हा पेशा लष्करात आजही फक्त स्त्रियांचा आहे. मला राहून राहून वाटतं की यात थोडेबहुत पुरुष अधिकारी असते, तर सत्तर टक्क्यांचा हा हिशेब इतकी वर्षं टिकला नसता. आपल्याकडे नर्सने मोठ्या लष्करी रुग्णालयाची प्रमुख होणं अजून दूर आहे. ती मागणी या पत्रात मी करत नाही. पण मेट्रनने डॉक्टर सहकाऱ्याशी बरोबरीने बोलावं अशी अपेक्षा असेल, पेशंटच्या जिवासाठी ‘सर, हा डोस बरोबर नाही’ असं तिने ठामपणे म्हणावं असं वाटत असेल, तर तिच्या पगारपत्रकाने दर महिन्याला तिला वेगळं सांगता कामा नये. हुद्द्याचा धाक रुग्णालयात पेशंटच्या उपयोगी पडतो. तो अर्धवट दिला तर नुकसान शेवटी पेशंटचं होतं.

अश्विनीच्या कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये दर वर्षी चाळीस मुली घेतात. लष्कराच्या देशभरातल्या सहा नर्सिंग कॉलेजांत मिळून २२०. अर्ज करताना मुलगी अविवाहित किंवा मागे पाश नसलेली असावी लागते, चार वर्षं वसतिगृहात शिस्तीत राहावं लागतं, पाच वर्षांच्या सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो. त्यांच्यात आमच्या सातारा-सांगलीच्या मुली असतात, केरळच्या असतात, ईशान्येकडच्या असतात. याच वयाच्या, याच शिक्षणाच्या मुलीला परदेशातली रुग्णालयं बोलावून नेत आहेत, हे आपण जाणताच. ती इथे राहते. पंचवीस-तीस वर्षांनी प्रिन्सिपल मेट्रन होऊ शकेल अशी मुलगी आपण आज भरती करत असतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. मिलिटरी सर्व्हिस पेचा नवा आकडा आपण जो ठरवाल, तो नर्सिंग अधिकाऱ्यांना आणि इतर अधिकाऱ्यांना एकच असावा. ज्या आधीच निवृत्त झाल्या, त्यांच्या पेन्शनमध्येही तो धरावा. त्यांतल्या कित्येकींनी १९७१ च्या युद्धातले जखमी पाहिले आहेत आणि आता त्यांच्या हातात फार वर्षं नाहीत. आणि आयोग जेव्हा संरक्षण दलांचं म्हणणं ऐकेल, तेव्हा या सेवेच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलू नये. एखाद्या नोकरीतल्या प्रिन्सिपल मेट्रनला आणि एखाद्या निवृत्त झालेलीला आपण स्वतः बोलवावं, समोर बसवून विचारावं. आपण बोलावलंत तर त्यांना बोलण्याची मुभा मिळेल. एरवी त्या बोलणार नाहीत, आणि वरिष्ठांच्या फायलीतून त्यांचं म्हणणं जसं वर येतं तसं ते गेल्या दोन आयोगांपुढे आलेलंच आहे.

जमल्यास एकदा कुलाब्याला अश्विनीत जावं, अशीही विनंती आहे. पाहणीचा कार्यक्रम आखून, हारतुरे घेऊन नको. रात्री साडेआठच्या सुमारास, दिवसपाळीची सिस्टर रात्रपाळीच्या सिस्टरला एकेका खाटेपाशी उभी राहून पेशंट सोपवते, त्या वेळी जावं. आयोगाला जी माहिती हवी ती तिथे वीस मिनिटांत मिळेल.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर,
परळ, मुंबई